लेकी बोले, सुने लागे : गावसकरवरच्या कॅलिप्सोचं प्रकरण

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक जुनं गाणं फिरत येतं. गिटार, मागे बँड, आणि एक मिश्कील आवाज ‘गावसकर, गावसकर’ करत असतो. सोबत कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘परक्यांनीसुद्धा आपल्या सुनीलची अशी आरती ओवाळली!’ त्यावर हात जोडल्याची चित्रं, तिरंगे, आणि एखाद्या काकांची ‘आताच्या पोरांना काय कळणार’ अशी पुरवणी.

मीही कैक वर्षं ते गाणं आरती म्हणूनच ऐकलं. मग एकदा शब्दांकडे नीट कान दिला आणि मत फिरलं. गाण्यात गावसकरचं कौतुक आहे, त्यात वाद नाही. पण गाणारा गावसकरशी बोलतच नाहीये. तो बोलतोय आपल्या घरच्यांशी, आणि चांगला तासून काढतोय त्यांना. आपल्याकडे याला नेमकी म्हण आहे : लेकी बोले, सुने लागे. इथे लेक आहे मुंबईचा सलामीचा फलंदाज, आणि सून म्हणजे गॅरी सोबर्सचा अख्खा वेस्ट इंडीज संघ.

गाणं म्हणजे कॅलिप्सो, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरचा गाण्याचा प्रकार. गायक लॉर्ड रिलेटर, खरं नाव विलर्ड हॅरिस. साल 1971, भारताच्या वेस्ट इंडीज दौऱ्याचं. ध्रुवपदाचा सारांश असा, की गावसकर म्हणजे खरा उस्ताद, भिंतीसारखा उभा, आणि त्याला काही केल्या आउट करता येईना. मूळ ओळ ‘वुई कुडन्ट आउट गावसकर ॲट ऑल’. ‘आउट’ हे तिथे सरळ क्रियापद आहे. शाळेतल्या इंग्रजीत ते बसत नाही, त्रिनिदादच्या बोलीत छान बसतं, आणि आझाद मैदानावरच्या बोलीतही. ‘त्याला आउट कर ना यार’ असं ओरडणाऱ्या मुंबईकराला या ओळीचं भाषांतर लागत नाही.

भाषांतराची खरी पंचाईत होते ती ‘वुई’पाशी. मराठीत तिथे निवड करावी लागते. ‘आम्हाला गावसकर आउट करता आला नाही’ म्हटलं, तर समोर भारतीय बसलेत आणि त्यांच्याकडे कबुली दिली जातेय. ‘आपल्याला गावसकर आउट करता आला नाही’ म्हटलं, तर समोर स्वतःचीच माणसं आहेत, कट्ट्यावर बसून हताश हसणारी. माझ्या मते रिलेटरचा ‘वुई’ हा ‘आपण’च आहे. बाकीचं सगळं प्रकरण या एका सर्वनामाभोवती फिरतं.

मालिका काय घडली

1971च्या आधी भारताला वेस्ट इंडीजविरुद्ध एकही कसोटी जिंकता आलेली नव्हती. संघ निघाला तोच खळबळीत. विजय मर्चंट यांच्या निवड समितीनं पतौडीला बाजूला करून कप्तानी अजित वाडेकरकडे दिली होती. तिकडेही सगळं आलबेल नव्हतं. वेस हॉल आणि चार्ली ग्रिफिथ ही वेगवान जोडी निवृत्त झाली होती. अँडी रॉबर्ट्स आणि मायकेल होल्डिंग अजून यायचे होते. एका पिढीचा दारूगोळा संपलेला, दुसरीचा अजून कारखान्यात. कप्तान सोबर्स स्वतः वादात सापडलेला. 1970च्या सप्टेंबरात तो ऱ्होडेशियात, म्हणजे इयन स्मिथच्या गोऱ्या अल्पमतातल्या राजवटीत, एक स्पर्धा खेळून आला आणि कॅरिबियनभर त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याला लेखी दिलगिरी द्यावी लागली. ज्याच्यावर माइटी स्पॅरोनं साठच्या दशकात स्तुतीचा कॅलिप्सो गायला होता, त्या सोबर्सची ही गत.

पहिली कसोटी जमैकातल्या किंग्स्टनला. भारत 5 बाद 75. तिथून मडगावच्या दिलीप सरदेसाईनं 212 केले, एकनाथ सोलकरनं 61, आणि धावसंख्या 387वर गेली. वेस्ट इंडीज 217. पहिला दिवस पावसानं खाल्ला होता, त्यामुळे सामना चार दिवसांचा धरला गेला आणि फॉलो-ऑनसाठी 150ची आघाडी पुरेशी ठरली. वाडेकरनं सोबर्सला पुन्हा फलंदाजीला बोलावलं. सामना अनिर्णित राहिला, पण भारतानं वेस्ट इंडीजला फॉलो-ऑन दिला ही गोष्टच बेटांवर पचायला जड होती. या सामन्यात गावसकर नव्हता. बोटाचं नख पिकलं होतं.

दुसरी कसोटी 6 मार्चपासून त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर आबिद अलीनं रॉय फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. भारताच्या डावात त्रिनिदादच्या जॅक नोरिगानं 95 धावांत 9 बळी घेतले (वेस्ट इंडीजच्या गोलंदाजाची कसोटीच्या एका डावातली ती आजही सर्वोत्तम कामगिरी), तरी भारतानं 352 केल्या. सरदेसाई 112. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात सलीम दुराणीनं क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स दोघांनाही उचललं, सोबर्स शून्यावर, आणि वेंकटराघवननं पाच बळी घेतले. विजयासाठी 124 हव्या होत्या. भारत सात गडी राखून जिंकला. 21 वर्षांच्या नवख्या सलामीवीराच्या धावा : 65 आणि नाबाद 67.

पुढे जॉर्जटाउनला 116 आणि नाबाद 64. ब्रिजटाउनला 1 आणि नाबाद 117. मग परत पोर्ट ऑफ स्पेन, सहा दिवसांची शेवटची कसोटी, 13 ते 19 एप्रिल. गावसकर 124 आणि 220.

त्या 220वर थोडं थांबायला हवं. वेस्ट इंडीजनं 526 करून 166ची आघाडी घेतली होती. सामना जिंकून मालिका बरोबरीत आणायची त्यांना पूर्ण संधी होती. गावसकरची दाढ ठणकत होती. दाढ काढली तर गुंगी येईल, वेदनाशामक घेतलं तर हालचाली मंदावतील, म्हणून सामना संपेपर्यंत ती तशीच ठेवायची असं ठरलं होतं. भारताच्या दुसऱ्या डावात 427 झाल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त या एकट्या दाढदुखीवाल्याच्या. एकाच कसोटीत शतक आणि द्विशतक ही करामत त्याच्या आधी फक्त ऑस्ट्रेलियाच्या डग वॉल्टर्सनं केली होती. वेस्ट इंडीजला 262 हव्या होत्या. ते 8 बाद 165वर अडकले. मालिका भारताकडे, 1-0.

गावसकरच्या एकूण धावा : चार कसोट्यांत 774, सरासरी 154.80. पदार्पणाच्या मालिकेत इतक्या धावा तेव्हा कुणाच्या नव्हत्या, आजही नाहीत.

याच सामन्याचा एक किस्सा सांगितला जातो. सोबर्स म्हणे रोज सकाळी भारतीयांच्या खोलीत डोकावायचा आणि नशीब उजळावं म्हणून गावसकरला हात लावून जायचा, आणि त्याच्या धावाही होत होत्या. शेवटच्या दिवशी वाडेकरनं गावसकरला बाथरूममध्ये कोंडून ठेवलं. सोबर्स हात न लावताच गेला आणि आबिद अलीनं त्याला शून्यावर उडवलं. किस्सा सांगणाऱ्यागणिक त्यात मीठमसाला वाढतो, पण धावफलकावरचं शून्य खरं आहे.

शिमगा गेला, कवित्व उरलं

कॅलिप्सोला आपल्याकडे ‘वेस्ट इंडीजचं लोकसंगीत’ म्हणून मोकळे होतात. ते अर्धंच. कॅलिप्सो हा व्यवसाय आहे, आणि त्याचा हंगाम असतो : नवं वर्ष लागल्यापासून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपासाचा काळ, सुरू होण्याआधीच्या कार्निव्हलपर्यंत. गायक ‘टेंट’मध्ये गातात, नाव तंबूचं, जागा बहुधा एखादं सभागृह. नावापुढे लॉर्ड, माइटी, किंग अशा पदव्या, स्वतःच लावून घेतलेल्या, गोऱ्या साहेबाच्या सरंजामाची टर उडवत. गाण्याचा विषय म्हणजे त्या वर्षी गावात जे काही झालं ते. मंत्र्याचं लफडं, महागाई, दंगल, क्रिकेट. गरिबाचं वर्तमानपत्र म्हणतात ते याचसाठी. ब्रिटिशांना याची इतकी धास्ती की 1934 मध्ये त्यांनी नाट्यगृहं आणि नाचघरांसाठी कायदा करून कॅलिप्सोच्या शब्दांवरही लगाम घातला.

आणि यात एक खास चीज असते, ‘पिकाँग’. फ्रेंच ‘पिकाँ’वरून, म्हणजे टोचणारं. समोरच्याला हसत हसत बोचकारायचं, त्यानंही हसत घ्यायचं. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबाशी त्याचं गोत्र जुळतं, फक्त इथे वार बहुतेक वेळा मालकावर, सरकारवर किंवा आपल्याच लाडक्यांवर असतो.

आता तारखा लावून पाहा. 1971चा कार्निव्हल 22 आणि 23 फेब्रुवारीला झाला. किंग्स्टनची पहिली कसोटी संपली तीही 23 फेब्रुवारीलाच. म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनचे रस्ते नाचून दमले, तेव्हा भारतीय संघ त्रिनिदादला कसोटी खेळायला आलाही नव्हता. गावसकरनं कसोटीतली पहिली धाव काढली ती हंगाम संपल्यावर. 220 झाले तेव्हा लेंटसुद्धा उलटून ईस्टर झाला होता. एरवी कॅलिप्सो लिहिला जातो तो स्पर्धेसाठी, टेंटच्या गर्दीसाठी, रस्त्यावरच्या मिरवणुकीसाठी. या गाण्याला यातलं काहीच समोर नव्हतं. शिमगा गेला तरी कवित्व उरतं, ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

क्रिकेटवरच्या कॅलिप्सोची वाट मात्र मळलेली होती. जून 1950 मध्ये लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजनं इंग्लंडला 326 धावांनी हरवलं, तेव्हा लॉर्ड किचनर गिटार घेऊन प्रेक्षकांची वरात काढत मैदानावर उतरला, आणि लॉर्ड बिगिनरनं रामाधीन-व्हॅलेंटाइन या फिरकी जोडीवर गाणं रचलं. दोघेही गायक दोनच वर्षांपूर्वी ‘एम्पायर विंडरश’ बोटीनं इंग्लंडात आले होते. ते गाणं मालकाला त्याच्याच अंगणात हरवल्याचा जल्लोष होतं. रिलेटरचं गाणंही त्याच सुरात उघडतं : सुंदर दिवस, निळं आकाश, झुळूक, पंचांची खूण, पांढऱ्या कपड्यांत ऐटदार खेळाडू. शाळकरी निबंधासारखी सुरुवात. ऐकणाऱ्याला वाटतं, आता 1950ची आठवण जागणार. आणि मग तो खाली आपटतो. जोई कॅरूचा स्नायू दुखावला, क्लाइव्ह लॉइड तीनेकदा धावबाद झाला, आपण पार गोत्यात आलो. जल्लोषाच्या चालीवर पराभवाची जंत्री. पिकाँग म्हणतात ते हेच.

सरदेसाई का नाही?

मालिका फिरवली ती सरदेसाईनं, असं म्हणणारे जुने जाणकार आजही भेटतात आणि त्यांची बाजू लंगडी नाही. 642 धावा. किंग्स्टनला 5 बाद 75 असताना उभा राहिला तो. पोर्ट ऑफ स्पेनला जिंकलो त्या कसोटीतलं भारताचं एकमेव शतक त्याचं. ब्रिजटाउनला 6 बाद 70 असताना 150 करून, सोलकरला सोबत घेऊन, संघाला बाहेर काढलं तेही त्यानंच. गावसकरच्या आधी रस्ता साफ करून ठेवला तो या गोवेकरानं. तरी गाण्यात त्याला नामावळीतली एक जागा, आणि ध्रुवपद गावसकरला. का?

एक कारण उघड आहे. गायक त्रिनिदादचा, आणि गावसकरचे 124 व 220 हे त्रिनिदादमधले, तेही सगळ्यात शेवटी, लोकांच्या डोळ्यांसमोर सहा दिवस चाललेले. सरदेसाईची महत्त्वाची कामं जास्त करून किंग्स्टन आणि ब्रिजटाउनला झाली. वेस्ट इंडीज हा एक देश नाही हे आपण विसरतो. जमैका ते त्रिनिदाद हे अंतर हजार मैलांहून जास्त आहे.

दुसरं कारण नावाचं. ‘गा-वस-कर’ या तीन ठोक्यांना इंग्रजी ‘मास्टर’चं यमक आयतं मिळतं. ‘कर’नं संपणारी आडनावं म्हणजे कॅलिप्सोवाल्याला लॉटरीच, शेजारी वाडेकर, सोलकर उभेच आहेत. आपल्या गावांच्या नावांनी त्रिनिदादच्या यमकात अशी भर घातली, हे त्या गावांच्या गावीही नसेल.

नावांचं हे वेड गाण्यात सगळीकडे दिसतं आणि मला तेच सर्वांत गोड वाटतं. नामावळीत जिजीभॉय आहे. हे रूसी जिजीभॉय राखीव यष्टिरक्षक. कृष्णमूर्ती खेळत असल्यानं त्यांना त्या मालिकेत संधी मिळाली नाही आणि पुढेही कधी कसोटी खेळायला मिळाली नाही. गोविंदराज आहे, हैदराबादचा वेगवान गोलंदाज, त्याच्याही वाट्याला कसोटी कधी आली नाही. क्रिकेटच्या नोंदवह्यांत जिथे या दोघांपुढे रेघ आहे, तिथे गाण्यात त्यांची नावं ठणठणीत वाजतात. अशोक मांकड मात्र गाण्यात अशोक म्हणून येत नाही. ‘विष्णू मांकड’सारखं काहीतरी कानावर पडतं. त्याचे वडील विनू मांकड 1953च्या दौऱ्यावर आले होते, त्यांचंच नाव जिभेवर राहिलं असावं असा माझा तर्क. एवढ्यावरून वाटतं, की रिलेटर धावफलक समोर ठेवून लिहीत नव्हता. दौऱ्यावरच्या संघाची पेपरातली यादी त्यानं चघळून पाहिली आणि जी नावं जिभेवर नाचली ती घेतली. त्याच्यासारखी अनोळखी आडनावं आपण लहानपणी रेडिओवरून अशीच चघळत होतो की.

आता गाऱ्हाणं किती खरं

गाणं ऐकून वाटावं की वेस्ट इंडीजची दाणादाण उडाली. आकडे वेगळं सांगतात. पाचपैकी चार कसोट्या अनिर्णित. सोबर्सनं मालिकेत 597 धावा केल्या, त्यात तीन शतकं. त्रिनिदादच्याच चार्ली डेव्हिसची सरासरी शंभराच्या वर. हरले ते एका सामन्यात. पण घरच्या प्रेक्षकाला सरासरीशी काय देणंघेणं? भारतासारख्या संघाकडून हरलो, हे त्याचं दुखणं.

आणि ‘ॲट ऑल’? आठ डावांत गावसकर तीनदा नाबाद राहिला, म्हणजे पाच वेळा आउट झाला. शिवाय पदार्पणाच्या कसोटीत तो लवकर गेलाच असता. झेल सुटला, आणि सोडला कुणी तर सोबर्सनं. गाण्यात हे नाही. लेकीला बोलतानाही सुनेची एवढी लाज कुणी राखतं.

सगळ्यात मोठा अन्याय मात्र यूटन डाऊवर झालाय. गाणं म्हणतं, होल्डरला लावलं, कीथ बॉइसला लावलं, डाऊलाही आणलं, आणि आणल्याचा आता पस्तावा होत असणार. प्रत्यक्षात हा जमैकाचा वेगवान गोलंदाज ब्रिजटाउनला पहिलीच कसोटी खेळत होता, त्या डावात त्यानं 69 धावांत चार बळी घेतले, आणि गावसकरला 1 धावेवर परत पाठवलं ते त्यानंच. अख्ख्या मालिकेत गावसकर दोन आकड्यांत न पोचता बाद झाला तो एवढा एकदाच. ज्या एकाला गावसकर स्वस्तात ‘आउट’ करता आला, त्याचीच गाण्यात फजिती! ‘डाऊ’चं इंग्रजी ‘नाऊ’शी यमक जुळलं नसतं तर बिचारा सुटलाही असता. दुसऱ्या डावात गावसकर नाबाद 117 होता, हे रिलेटरच्या बाजूनं सांगायला हवं.

पुढे मुंबईबाहेरच्या काही टीकाकारांनी 774चं मोल कमी करताना हेच कारण पुढे केलं : गोलंदाजी तकलादू होती. ते पूर्ण खोटं नाही. पण त्याच गावसकरनं पुढे रॉबर्ट्स, होल्डिंग, मार्शल यांच्या काळात खेळून वेस्ट इंडीजविरुद्ध शतकांची संख्या तेरावर नेली, तेव्हा या आक्षेपातली हवा गेली. गंमत म्हणजे हा आक्षेप मुळात गाण्यातच आहे. ‘आपले गोलंदाज दुय्यम दिसले’ असं रिलेटर तेव्हाच म्हणून गेला होता. आपण फक्त भिंत आणि उस्ताद एवढंच ऐकलं.

‘आपण’ म्हणजे कोण?

आता त्या सर्वनामाकडे परत येतो, कारण त्रिनिदादमध्ये ते साधं नाही.

30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ बोटीतून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, त्रिनिदादला उतरले, आणि 1917 पर्यंत मजुरांची ती भरती चालू राहिली. त्यांच्या वंशजांचा बेटाच्या लोकसंख्येत फार मोठा वाटा आहे. क्वीन्स पार्क ओव्हलवर भारत खेळायला आला की त्यातले अनेक भारताच्या बाजूनं टाळ्या वाजवत, आणि बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी 1962 मध्येच लिहून ठेवलं होतं, की भारतातून आलेल्यांना आता भारतमाता नाही, आफ्रिकेतून आलेल्यांना आफ्रिकामाता नाही, आई एकच, ती त्रिनिदाद-टोबॅगो. लिहिणं सोपं होतं. 1970च्या फेब्रुवारीपासून ब्लॅक पॉवर या कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या मोर्चांनी पोर्ट ऑफ स्पेन हललं आणि 21 एप्रिलला आणीबाणी पुकारली गेली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा भारताचा संघ ओव्हलवर उतरला, आणि जिंकला.

अशा वेळी कॅलिप्सोवाला काय करू शकला असता? भारताच्या बाजूनं टाळ्या पिटणाऱ्या शेजाऱ्याला टोचणं सोपं होतं. पिकाँगमध्ये तेही चालतं, आणि कॅलिप्सोच्या इतिहासात भारतीय वंशाच्या लोकांच्या आडनावांची, जेवणाची, बोलण्याची टर उडवणारी गाणी कमी नाहीत. रिलेटरनं आडनावंच घेतली, ओळीनं घेतली, पण हसला तो आपल्या संघाला. ‘वुई’ म्हटलं की शेजारचा गिरमिटियाचा नातूही त्यात येतो. त्याला हवं असेल तर. तो मनातून गावसकरच्या बाजूचा असला तरी ध्रुवपद त्याला बिनधोक गाता येतं, कारण त्यात गावसकर उस्तादच आहे. आफ्रिकी वंशाच्या शेजाऱ्यालाही येतं, कारण त्यात आपल्याच पोरांची हजेरी आहे. एकाच ओळीवर दोघं दोन कारणांनी हसतात. गाणं इतकं टिकलं त्यामागे हे मोठं कारण असावं असं मला वाटतं, चालीइतकंच.

रिलेटरनं हे ठरवून केलं असेल का? माहितीतला रिलेटर हा मुळात खेळकर, इतर गायकांच्या नकला करण्यात पटाईत, गिटारवर पक्का असा कलावंत. 1980 मध्ये तो त्रिनिदादचा कॅलिप्सो मोनार्क, म्हणजे त्या वर्षीच्या स्पर्धेचा विजेता, झाला ते खाण्याच्या जिनसांच्या महागाईवर गाऊन. म्हणजे तेव्हाही विषय घरचाच. पाहुण्याची आरती ओवाळणं हा त्याचा पिंडच नव्हता.

पुढचं

1976च्या मार्चमध्ये गावसकर पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनला आला. दुसऱ्या कसोटीत 156. तिसऱ्या कसोटीत भारतासमोर 403चं लक्ष्य, गावसकर 102, विश्वनाथ 112, आणि भारत 4 बाद 406. त्या मैदानावर गावसकरची आता चार शतकं झाली होती. ‘आउट करता येईना’ हे गाऱ्हाणं पाच वर्षांनीही शिळं झालं नव्हतं.

वेस्ट इंडीजचा तेव्हाचा कप्तान लॉइडनं त्यावर उतारा काढला तो फिरकी बाजूला ठेवून वेगवान गोलंदाजांचा ताफा उतरवण्याचा. पुढचीच कसोटी किंग्स्टनला. उसळते, अंगावर येणारे चेंडू. भारताचे फलंदाज एकामागून एक जखमी. दुसऱ्या डावात 97 धावा झाल्या आणि पाच जण मैदानात उतरूच शकले नाहीत. गावसकरनं पहिल्या डावात 66 केले होते. त्या वर्षी आलेल्या आत्मचरित्रात त्यानं किंग्स्टनच्या प्रेक्षकांबद्दल इतकं जहाल लिहिलं, की ज्याच्यावर एका बेटानं गाणं रचलं त्याच्यावर दुसरं बेट चिडलं. जमैकाला तो राग येणं स्वाभाविक होतं. रिलेटरचं ‘आपण’ जमैकापर्यंत कधी पोचलं होतं की नाही, कोण जाणे.

पण त्याच दौऱ्यावर निघण्याआधी, 20 फेब्रुवारी 1976 रोजी, गावसकरला मुलगा झाला होता. संघ न्यूझीलंडहून परस्पर वेस्ट इंडीजला गेला, त्यामुळे बापाला पोराचं तोंड दिसलं ते दौरा संपवून आल्यावर. नाव ठेवलं रोहन जयविश्व. जय म्हणजे फलंदाज जयसिंहा, विश्व म्हणजे विश्वनाथ. आणि रोहन म्हणजे रोहन कन्हाय, गयानाच्या गिरमिटियांच्या वंशातला, ज्यानं 1971च्या किंग्स्टन कसोटीत फॉलो-ऑननंतर नाबाद 158 करून वेस्ट इंडीजचा पराभव टाळला होता.